पुसलेल्या मालिकेचं मासिक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ध्वनिफितींच्या कपाटांमध्ये उभी नोकरी घालवलेल्या माणसाला, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, असं विचारलं तर तो बहुधा विषय बदलेल. मी आज विषय बदलणार नाही. पण आधी एका इंग्रजी मासिकाची गोष्ट सांगतो. कारण माझ्या हातून जे झालं ती चूक होती, हे मला त्या मासिकामुळे कळलं. तोवर मी त्याला कामच समजत होतो.

१९९५ चा उन्हाळा. मी तेव्हा एका शैक्षणिक संस्थेच्या ध्वनिमुद्रण विभागात नोकरीला होतो. मोठी रजा घेऊन लंडनला मावसभावाकडे राहायला गेलो होतो. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा. जन्म तिथलाच, पण आईच्या धाकामुळे मराठी बरं बोलायचा. त्यांच्या घरी जिन्याखाली एक बुटकं कपाट होतं. आपल्याकडे अशा जागी रद्दी आणि जुन्या चपला असतात. या मुलाने तिथे मासिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते, क्रमांकानुसार. मासिकाचं नाव ‘डॉक्टर हू मॅगझिन’. टीव्हीवरच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचं ते अधिकृत मासिक, म्हणजे बीबीसीच्या परवानगीने निघणारं.

मी सहज विचारलं, ‘‘लागते कधी ही मालिका? आपणही बघू.’’

तो म्हणाला, ‘‘लागत नाही काका. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा बंद झाली.’’

मालिका बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि तिचं मासिक दर चार आठवड्यांनी दुकानात येत होतं! ‘‘मग छापतात तरी काय?’’ या माझ्या प्रश्नावर त्याने एक अंक काढून हातात दिला. त्यात काळ्यापांढऱ्या बारीक छायाचित्रांच्या ओळीच्या ओळी होत्या. तो म्हणाला, ‘‘हा भाग आता कुठेच नाही. बीबीसीकडेसुद्धा नाही. त्यांनी पुसला. फक्त हे फोटो आहेत.’’

‘पुसला’ हा शब्द त्या पोराच्या तोंडून ऐकला आणि मला माझ्या विभागातली लोखंडी पेटी आठवली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा एक प्रवासी. तो काळातून मागे-पुढे कुठेही जाऊ शकतो. त्याचं यान बाहेरून दिसतं ते इंग्लंडच्या रस्त्यांवर एकेकाळी असलेल्या निळ्या पोलीस-पेटीसारखं, आत मात्र प्रशस्त. मरणाच्या दारात पोचला की डॉक्टर शरीर बदलतो आणि नवा नट त्याची जागा घेतो. पहिले नट विल्यम हार्टनेल. १९६६ मध्ये त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले. नट बदलला तरी नायक तोच, या एका सोयीवर मालिका पुढे चालत राहिली.

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. साऱ्या जगाचं लक्ष तिकडे होतं. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. मालिकेच्या निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट आणि पहिल्या भागाचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. हे नाव वाचून मी थबकलो होतो. वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ चा, लखनौचा. बालपणाचा मोठा काळ त्यांनी मुंबईत काढला आणि १९४६ मध्ये कुटुंबाबरोबर ते इंग्लंडला गेले. त्यांच्या आई अतिया हुसेन या नामवंत इंग्रजी लेखिका. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग दिग्दर्शित केला तेव्हा हुसेन जेमतेम २४ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, त्यांनी ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा केली. एक भाग जॉन क्रॉकेट यांचा, उरलेले सहा हुसेन यांचे. पामीरच्या पठारापासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास. त्यात डॉक्टर कुब्लाई खानाबरोबर सोंगट्यांचा डाव खेळतो आणि पणाला लावलेलं स्वतःचं यान हरतो. कथा मोठी रंगतदार. आज त्या सात भागांपैकी एकाचंही चित्रण उपलब्ध नाही.

हे असं का झालं? खलनायक शोधायला गेलं तर कोणी सापडत नाही. त्या काळी चित्रफीत दोन इंच रुंद असायची आणि महाग असायची. पण तीच फीत पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम हवा तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नव्हता. घरोघरी व्हिडिओ नव्हते, त्यामुळे जुना भाग विकत घेऊन बघणार कोण? परदेशी विकण्यासाठी काही भाग फिल्मवर उतरवून ठेवलेले होते. पण विक्रीच्या हक्कांची मुदत संपली की त्या फिल्मही जागा अडवणाऱ्या वाटू लागल्या. १९७० मध्ये मालिका रंगीत झाली आणि काळ्यापांढऱ्या भागांची किंमत आणखीच घसरली. १९६७ ते १९७८ या काळात फिती पुसल्या गेल्या, फिल्म मोडीत निघाल्या. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग प्रसारित झाले होते. त्यातल्या निम्म्याच्या आसपास भागांची बीबीसीकडे एकही प्रत उरली नाही. एका खात्याला वाटायचं दुसऱ्याकडे प्रत असेल, दुसऱ्याला वाटायचं पहिल्याकडे असेल. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

मासिक निघालं ते या सगळ्यानंतर. १७ ऑक्टोबर १९७९ ही पहिल्या अंकावरची तारीख. तेव्हा ते साप्ताहिक होतं, नाव ‘डॉक्टर हू वीकली’. किंमत १२ पेन्स. प्रकाशक मार्व्हल कॉमिक्सची ब्रिटिश शाखा, संपादक डेझ स्किन. वाचक कोण, तर शाळकरी मुलं. अंकासोबत घासून चित्र उमटवायचे कागद फुकट. आत चित्रकथा. पहिली चित्रकथा लिहिली पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर यांनी आणि काढली डेव्ह गिबन्स यांनी. हेच गिबन्स पुढे ‘वॉचमन’चे चित्रकार म्हणून जगभर गाजले. मुहूर्तही असा साधला की विचारू नका. त्या वेळी इंग्लंडमधली दुसरी मोठी वाहिनी, आयटीव्ही, संपामुळे बंद पडली होती. त्यामुळे ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘डॉक्टर हू’चा एक भाग १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. अशा वेळी खिशातल्या नाण्यांवर डोळा ठेवून कोणीही साप्ताहिक काढलं असतं. यात इतिहासाचं काही कार्य घडेल, असं पहिल्या अंकाच्या वेळी कोणाला वाटलं असण्याचं कारण नाही.

पण साप्ताहिकाची पानं भरायची तर मजकूर लागतो. दर आठवड्याला नवीन काय देणार? म्हणून जुन्या कथांचे सारांश सुरू झाले. ते लिहायला होते जेरेमी बेंथम. त्या नावाचा थोर तत्त्वज्ञ निराळा, हे आपले मालिकेचे निस्सीम चाहते. ज्या मुलांनी १९६३ च्या वेळी जन्मही घेतला नव्हता त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या डॉक्टरच्या आधी तीन डॉक्टर होऊन गेले. या गोष्टी टीव्हीवर पुन्हा दिसत नव्हत्या, त्यामुळे मासिकातली हकिगत हीच त्यांच्यासाठी मालिका होती. सप्टेंबर १९८० पासून साप्ताहिकाचं मासिक झालं आणि लेखांना लांबी आली, खोली आली.

मग १९८१ च्या हिवाळी विशेषांकात एक वेगळीच गोष्ट छापून आली. बीबीसीने १९७८ मध्ये जतनाच्या कामासाठी स्यू माल्डन यांना नेमलं होतं. काय ठेवायचं आणि का ठेवायचं, हे ठरवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आजवर काय काय गेलं आणि कसं गेलं याचा माग काढायला त्यांनी नमुना म्हणून निवडली ती नेमकी ‘डॉक्टर हू’. विशेषांकात त्यांची मुलाखत होती आणि सोबत हरवलेल्या भागांची यादी.

या यादीचं मोल मला त्या जिन्याखालच्या कपाटासमोर बसून समजलं. विचार करा, एखादी संस्था आपल्याच गौरवासाठी परवाना देऊन मासिक काढू देते आणि ते मासिक छापतं काय, तर त्या संस्थेने काय काय घालवलं त्याची यादी! अधिकृत मासिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत जाहिरातपत्रक येतं. नटनट्यांचे हसरे चेहरे आणि येत्या भागाची तारीफ. तसली पानं याही मासिकात भरपूर होती. पण या यादीने वाचकाच्या हातात एक काम दिलं. काय हरवलं आहे हे ठाऊक नसेल तर शोधणार कसं? जुन्या बाजारात फिल्मचा डबा दिसला तर आता त्यावरचं नाव यादीशी ताडून पाहता येत होतं.

आणि डबे सापडत गेले. त्यातला प्रत्येक डबा यादीमुळेच सापडला असं मी म्हणणार नाही, पण काय शोधायचं हे आता छापील होतं. १९८३ मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग मिळाले. १९८० च्या दशकातच नायजेरिया आणि सायप्रसहून फिल्म परत आल्या. हाँगकाँगहून ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची पूर्ण कथा आली आणि १९९२ मध्ये तिची व्हिडिओ कॅसेट बाजारात आली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रातून हरवलेले नऊ भाग हाती लागल्याचं जाहीर झालं. त्या वेळी हरवलेल्या भागांची संख्या ९७ वर आली. स्वस्तात दूरदेशी पाठवलेल्या आणि परत मागवायच्या राहून गेलेल्या प्रती कामाला आल्या. घरच्यांनी फेकलं ते पाहुण्यांनी जपलं.

जे सापडलं नाही त्याचं काय? इथे कागदाचं काम सुरू होतं. लंडनमध्ये जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ होते. टीव्हीचा कार्यक्रम चालू असताना पडद्यासमोर कॅमेरा लावून ते फोटो घ्यायचे, एका भागाचे सत्तर-ऐंशी. आणि ते नटांना, दिग्दर्शकांना विकायचे. तेव्हा आपलंच काम पुन्हा बघायची दुसरी सोय नव्हती, म्हणून लोक विकत घ्यायचे. क्युरा १९६९ मध्ये वारले. त्यांच्या फोटोंचे संच बीबीसीच्या कॅव्हरशॅम इथल्या कागदपत्रांच्या दफ्तरात पडून होते. फिती पुसणाऱ्यांचं लक्ष कागदाच्या फायलींकडे गेलं नव्हतं. १९९० च्या दशकात मासिकाने ते फोटो क्रमाने, खाली कथानक देऊन, छापायला सुरुवात केली. मला भाच्याने दाखवल्या त्या याच ओळी. शिवाय काही मुलांनी साठच्या दशकात टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज टिपून ठेवला होता. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज असा शिल्लक आहे. कानाला आवाज आणि डोळ्यांसमोर मासिकाचं पान. भाचा हेच करायचा. कॅसेट लावायची, पान समोर धरायचं आणि एकेक फोटो बोटाने पुढे सरकवायचा.

‘मार्को पोलो’चे फोटो मात्र कॅव्हरशॅमच्या दफ्तरात नव्हते. ते निघाले या शतकाच्या पहिल्या दशकात, वारिस हुसेन यांच्या खासगी संग्रहात. दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपल्या कामाचे संच क्युरांकडून घेतले होते आणि चाळीस वर्षं सांभाळले होते. सात भागांपैकी सहांचे फोटो मिळाले. चौथ्याचे नाहीत, कारण तो भाग क्रॉकेट यांचा. हेही मासिकातच छापून आलं. मुंबईत वाढलेल्या त्या मुलाने तरुणपणी जे केलं, ते महामंडळाच्या फितींवर राहिलं नाही. ते राहिलं त्याच्या घरातल्या कागदांवर.

आपल्याकडे हे कोणाला नवल वाटू नये. मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला लागलेला ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, आज आपल्याकडे नाही. आहेत ती काही छायाचित्रं आणि गाण्यांची पुस्तिका. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेट फिल्मचे डबे जळाले, तेव्हा आम्हा टेपवाल्यांच्या पोटात गोळा आला होता. थिएटरच्या दारात विकली जाणारी पुस्तिका सिनेमापेक्षा जास्त जगते, हे विचित्र वाटतं खरं. पण स्वस्त वस्तूच्या प्रती अनेक असतात आणि त्या अनेक घरांत जातात, हे त्याचं साधं कारण.

आता माझी गोष्ट.

आमच्या संस्थेत टेपची टंचाई कायमची. मंजुरी उशिरा यायची आणि रेकॉर्डिंगचं वेळापत्रक तर आधीच ठरलेलं असायचं. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये ‘पुन्हा वापरायच्या टेप’ची यादी निघे. कोणती टेप कामाची नाही हे ठरवायचं मी. त्यावर सही वरिष्ठांची, पण ती मान खाली घालून केलेली. मग टेपची रिळं त्या लोखंडी पेटीवर ठेवायची, बटण दाबायचं आणि रीळ गोल फिरवत हळूहळू बाजूला घ्यायचं. चुंबकाने दहा सेकंदांत सगळं कोरं. १९८६ च्या मार्चमध्ये मी असं एक रीळ पुसलं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या माणसांनी एका म्हाताऱ्या बाईंच्या जात्यावरच्या ओव्या त्यावर टिपल्या होत्या. मध्येच कोंबडा आरवलेला, मागे कोणाची तरी भांडी. ‘प्रसारणयोग्य नाही’ असा शेरा मी मारला. नोंदवहीत लिहिलं: ओव्या, बाई, वय सुमारे ७०, २२ मिनिटे. शेवटच्या रकान्यात ‘पुसली’ आणि माझी सही.

लंडनहून परत आल्यावर मी वीस वर्षांच्या नोंदवह्या काढल्या आणि पुसलेल्या टेपची यादी करायला घेतली. संध्याकाळी थांबून, महिनाभर. यादी अकरा पानी झाली. वरिष्ठ म्हणाले, ‘‘जे नाहीच त्याची यादी कशाला? उद्या कोणी विचारलं तर?’’ मी म्हटलं, ‘‘विचारावं म्हणूनच.’’ तरी ती यादी फलकावर काही लागली नाही. मग मी तिच्या झेरॉक्स काढून निवृत्त सहकाऱ्यांना पोस्टाने पाठवल्या. कोणी नियम मोडून घरी प्रत करून ठेवली असेल, तर रागावणार नाही, असं सोबत लिहिलं. तीन कॅसेट परत आल्या. नियम पाळणाऱ्या माझ्यासारख्यांकडे काहीच नव्हतं. जे होतं ते नियम मोडणाऱ्यांकडे.

१९९८ मध्ये एक तरुण मुलगी विभागात आली. तिच्या आजीचा आवाज आमच्याकडे आहे असं तिने घरी ऐकलं होतं. ती त्याच ओव्या शोधत आली होती. मी तिला नोंदवही दाखवली. ‘पुसली’ हा शब्द तिने वाचला, मग खालची सही वाचली आणि माझ्या टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यादी पाठवली होती त्यातले एक जुने सहायक त्या गावी रेकॉर्डिंगला गेलेले होते. त्यांच्या वहीत चौदा ओव्यांचे शब्द लिहिलेले सापडले. ती पानं मी त्या मुलीला पाठवली. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं. चाल आईला थोडी येते, असं तिने लिहिलं होतं.

म्हणून मला या मासिकाचं कौतुक वाटतं. त्यांनीही यादी केली, पण त्यांच्याकडे ती छापायची जागा होती आणि ती वाचणारे हजारो लोक होते. ६ डिसेंबर १९८९ ला मालिकेचा शेवटचा भाग लागून गेला. मध्ये १९९६ चा एक चित्रपट सोडला तर टीव्हीवर नवं काही नव्हतं. मार्व्हलची ब्रिटिश शाखा इटलीच्या पानिनी कंपनीकडे गेली, संपादक बदलत गेले, पण अंक थांबला नाही. अँड्र्यू पिक्सली यांच्यासारखे अभ्यासक बीबीसीच्या फायली वाचून एकेका कथेचा इतिहास लिहीत होते. चित्रीकरण कोणत्या तारखेला झालं, संहितेतलं कोणतं पान गाळलं, किती लोकांनी पाहिलं. नायकच रजेवर गेलेला असताना मासिकाने घर झाडून-पुसून ठेवलं होतं.

२६ मार्च २००५ ला मालिका परत आली. ती आणणारे रसेल टी. डेव्हिस याच मासिकात नियमित स्तंभ लिहू लागले. मासिकाचे एक माजी संपादक गॅरी रसेल पुढे मालिकेच्या संहिता-संपादनात गेले. २०१० मध्ये टीव्ही मालिकेवरचं सर्वांत दीर्घकाळ चाललेलं मासिक म्हणून गिनेसने त्याची नोंद केली. २०२४ मध्ये सहाशेवा अंक निघाला.

अधिकृत असूनही त्याने वाचकांचं तोंड बंद केलं नाही, याचा एक मासला सांगतो. २००९ मध्ये मासिकाने तोवरच्या दोनशे कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ आणि दोनशेवी, म्हणजे शेवटची, ‘द ट्विन डिलेमा’. गंमत अशी की १९८४ मध्ये या दोन कथा टीव्हीवर एकापाठोपाठ एक लागल्या होत्या. सर्वोत्तम कथेनंतर पुढच्याच आठवड्यात सगळ्यात वाईट! आणि हे मालकाच्या परवान्याने निघणाऱ्या मासिकाने सरळ छापलं. ज्याला आपल्या वस्तूची खरी माया असते तो तिचे दोषही नीट नोंदवून ठेवतो.

भाचा आता चाळिशीपलीकडे गेलाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने मला मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एक टीव्हीच्या पडद्याचा. मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्त दाखवलेला ‘द स्टार बीस्ट’ हा भाग. दुसरा फोटो १९८० च्या साप्ताहिकातल्या पिवळ्या पडलेल्या पानाचा. त्याच नावाची चित्रकथा, तेच लबाड केसाळ प्राणी. मिल्स, वॅग्नर आणि गिबन्स यांनी मुलांच्या खाऊच्या पैशांवर चालणाऱ्या साप्ताहिकासाठी रचलेली गोष्ट त्रेचाळीस वर्षांनी खुद्द मालिकेने उचलली होती. खाली त्याने मराठीत लिहिलं होतं, ‘‘काका, कागदावरून परत टीव्हीवर.’’

आज टेप नाहीत. रेकॉर्डिंग संगणकात असतं, मोबाइलमध्ये असतं. पुसायला लोखंडी पेटी लागत नाही आणि नोंदवहीत सही तर कोणीच करत नाही. काय गेलं हे कळायची सोयही त्याबरोबर गेली. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या नाट्यसंस्थेत, शाळेत, मंडळात, घरात जुनी रिळं आणि कॅसेटी असतील, तर त्यांची यादी करा. यादीत दोन रकाने ठेवा, आहे आणि नाही. दुसरा रकाना भरताना लाज वाटेल. मला वाटली होती. तरी भरा, आणि तो कागद एकट्याच्या कपाटात ठेवू नका. चार घरांत वाटा.

साताऱ्याच्या त्या बाईंच्या बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कुठे, कोणाकडे प्रत म्हणून असेल, असं मला अजून वाटतं. माझ्या यादीत ते एकविसाव्या ओळीत आहे.